सुरखीचे धरण

गावात नवे घर उभे राहू लागले की अंगणात सर्वांच्या आधी सिमेंटची पोती येऊन पडतात. घर असो, पूल असो, पाण्याची टाकी असो की शाळेची इमारत असो, सिमेंटावाचून ती उभी राहू शकेल ही कल्पनाच आता आपल्याला करवत नाही. परंतु म्हैसूर शहराजवळ कावेरी नदीवर अडीच किलोमीटरांहून अधिक लांब आणि पायापासून सुमारे १३० फूट उंच अशी एक भिंत आहे. १९११ साली तिच्या कामाला आरंभ झाला, तेव्हा आपल्या देशात सिमेंटाचा एकही कारखाना नीट चालत नव्हता. विलायतेहून लाकडी पिंपांत भरून सिमेंट येई, आणि त्याची किंमत ऐकून भल्याभल्यांची छाती दडपून जाई. तरीही ती भिंत बांधली गेली. ती ज्यांच्या कल्पनेतून उतरली ते गृहस्थ म्हणजे मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या होत.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या लहानशा खेड्यात झाला. वडील श्रीनिवासशास्त्री हे संस्कृताचे पंडित होते. घरात विद्या होती. पैसा मात्र नव्हता. मुलगा शाळेत असतानाच वडील वारले आणि संसाराचा भार आई वेंकटलक्ष्मम्मा यांच्यावर पडला. चिक्कबळ्ळापूर येथे प्राथमिक शिक्षण संपवून विश्वेश्वरय्या बंगलोरला मामांकडे गेले. आपल्या शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी ते इतरांच्या मुलांना शिकवीत. शिकवणी करावी, आपला अभ्यास करावा आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी पायी महाविद्यालय गाठावे, असा त्यांचा दिनक्रम असे. बंगलोरच्या सेंट्रल कॉलेजातून ते बी. ए. झाले. त्यांची हुशारी पाहून म्हैसूर सरकारने त्यांना शिष्यवृत्ती दिली आणि ते स्थापत्यशास्त्र शिकण्यासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजात दाखल झाले. पुण्यात संगमाजवळ असलेले हे विद्यालय पुढे इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आले. १८८३ साली विश्वेश्वरय्या तेथील परीक्षेत साऱ्या मुंबई इलाख्यात पहिले आले. अशा विद्यार्थ्याला सरकारी नोकरी ठेवलेलीच असे. १८८४ साली ते मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात साहाय्यक इंजिनिअर झाले, आणि त्यांची पहिली नेमणूक नाशिकला झाली.

यापुढची जवळजवळ पंचवीस वर्षे त्यांनी महाराष्ट्रात, सिंधमध्ये आणि गुजराथेत काढली. म्हणून कर्नाटकाइतकाच महाराष्ट्राचाही त्यांच्यावर हक्क आहे, असे म्हणावयास हरकत नाही. खानदेशात असताना एका ओढ्यापलीकडे पाटाचे पाणी नळातून न्यावयाचे काम त्यांच्याकडे आले. भर पावसाळा होता. पूर आला की खणलेल्या चरात वाळू आणि गाळ भरून जाई आणि केलेले काम वाया जाई. पावसाळा संपेपर्यंत थांबावे, असे त्यांनी वरिष्ठांना सुचविले. परंतु ही सूचना म्हणजे तरुण अधिकाऱ्याची चालढकल आहे, असा वरिष्ठांचा समज झाला. विश्वेश्वरय्यांनी मग वाद घातला नाही. पुरातूनच त्यांनी ते काम तडीस नेले. पुढे सिंधमध्ये सक्कर शहराला पाणी पुरविण्याची कामगिरी त्यांच्यावर आली. सिंधू नदीचे पाणी गढूळ, आणि ते निवळण्यासाठी मोठमोठ्या टाक्या बांधण्याइतका पैसा नगरपालिकेजवळ नव्हता. तेव्हा त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणविली. पात्रातील वाळूतून झिरपत झिरपत पाणी विहिरीत येई ते स्वच्छ होऊनच येई. जे साहित्य जागेवर आहे त्याच्याकडूनच काम करून घ्यावयाचे, ही त्यांची रीत या वेळेपासूनच दिसून येते.

पुण्याहून सिंहगडाकडे जाताना खडकवासल्याचे धरण लागते. हे धरण १८७० नंतरच्या दशकात दगड आणि चुना यांनी बांधलेले होते. पावसाळ्यात त्याच्या सांडव्यावरून पुष्कळ पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात पुण्याला व कालव्याखालील शेतांना पाणी अपुरे पडे. भिंत उंच करावी, तर जुन्या भिंतीवर भार वाढणार आणि पुराच्या वेळी धोका उत्पन्न होणार. विश्वेश्वरय्यांनी यावर निराळाच उपाय योजला. सांडव्यावर त्यांनी लोखंडी दारे बसविली. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत चढेतो ही दारे मिटलेली राहत. त्याहून वर चढू लागले की पाण्याच्याच भाराने आणि प्रतिभाराच्या योजनेने ती आपोआप उघडत, आणि पूर ओसरला की पुन्हा मिटत. रात्री-अपरात्री माणसाने धावत जाऊन चाके फिरविण्याचे कारण उरले नाही. १९०३ च्या सुमारास ही दारे कामाला लागली आणि तलावातील पाण्याची पातळी सुमारे आठ फूट वाढली. या दारांचे एकस्व त्यांच्या नावावर होते. तरी ज्या सरकारची आपण नोकरी करतो त्याच्याकडून या कल्पनेचे पैसे घेणे त्यांना योग्य वाटले नाही. नीरा कालव्यावर पाणी पाळीपाळीने आणि विभागाविभागाने देण्याची पद्धतही त्यांनीच घालून दिली. पुण्यात न्यायमूर्ती रानडे, नामदार गोखले यांसारख्या थोर पुरुषांचा सहवास त्यांना लाभला, आणि देशाची गरिबी हा विषय त्यांच्या मनात कायमचा घर करून राहिला.

मुंबई सरकारात मुख्य इंजिनिअरचे पद त्या काळी हिंदी माणसाला मिळण्याची आशा नव्हती. १९०८ साली विश्वेश्वरय्यांनी ती नोकरी सोडली. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबादेस मुसी नदीला भयंकर पूर आला, हजारो माणसे बुडाली आणि शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. पुन्हा असा प्रसंग येऊ नये म्हणून काय करावे, हे सांगण्यासाठी निजाम सरकारने त्यांना बोलाविले. नदीच्या वरच्या अंगाला पाणी अडविणारे मोठे तलाव बांधावे, असा सल्ला त्यांनी दिला, आणि पुढे तसे दोन तलाव बांधलेही गेले. हे काम आटोपते न आटोपते तोच म्हैसूरचे महाराज कृष्णराज वडियार यांचे बोलावणे आले. १९०९ च्या नोव्हेंबरात विश्वेश्वरय्या आपल्या जन्मभूमीत मुख्य इंजिनिअर म्हणून परतले.

म्हैसूर संस्थानातून कावेरीसारखी मोठी नदी वाहत असूनही मंड्याच्या बाजूचा मुलूख कोरडा होता. पावसाने दगा दिला की तेथे दुष्काळ ठरलेला. शिवसमुद्रम् येथील धबधब्यावर १९०२ पासून वीज तयार होत होती आणि ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरविली जात होती. परंतु उन्हाळ्यात नदीचे पाणी आटले की विजेचाही तुटवडा पडे. पावसाळ्याचे पाणी कन्नंबाडी गावाजवळ अडवून धरले तर शेतीला पाणी आणि खाणींना बारमाही वीज, अशी दोन्ही कामे साधतील, असे विश्वेश्वरय्यांनी गणित मांडून दाखविले. त्यासाठी लागणारा खर्च संस्थानाच्या मानाने प्रचंड होता. दरबारातील काही अधिकाऱ्यांना हे धाडस संस्थानाला कर्जात बुडवील, अशी भीती वाटली. पुष्कळ काथ्याकूट झाल्यावर अखेर १९११ साली महाराजांनी मान्यता दिली.

दुसरी अडचण शेजारच्या मद्रास सरकारची होती. कावेरीचे पाणी वर अडविले तर तंजावरच्या भातशेतीला ते कमी पडेल, अशी त्या सरकारची तक्रार होती, आणि ती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. कारण नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या शेतकऱ्याचाही तिच्या पाण्यावर पिढ्यान् पिढ्यांचा हक्क असतो. मद्रास सरकारने बेताच्या उंचीच्या धरणालाच संमती दिली. विश्वेश्वरय्यांनी मात्र पाया घातला तो पुढेमागे बांधावयाच्या मोठ्या भिंतीला पुरेल एवढ्या रुंदीचा. त्यावरून तंटा वाढला, लवाद बसला, आणि १९२४ साली दोन्ही सरकारांत करार झाला तेव्हा कोठे भिंतीला पूर्ण उंची मिळाली. या पाण्याचा वाद त्यानंतरही अनेक वर्षे चालत राहिला.

आता मुख्य प्रश्न असा होता की ही भिंत बांधावयाची कशाने? दगड जवळपास विपुल होता. परंतु दगडावर दगड रचून धरण होत नाही. दगडांना एकमेकांशी जखडून ठेवणारा आणि पाण्याला आत शिरू न देणारा पदार्थ हवा. इमारतीच्या विद्येत सारे मर्म या जोडणाऱ्या पदार्थात आहे.

आपल्याकडे हे काम हजारो वर्षे चुना करीत आला. चुनखडीचे दगड भट्टीत भाजले की त्यांतील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना राहतो. त्याच्यावर पाणी ओतले की तो फसफसतो, तापतो, फुलतो आणि त्याची फक्की होते. ही फक्की वाळूत मिसळून घाणीत मळली म्हणजे गवंड्याचा चुना तयार झाला. भिंतीत गेल्यावर हा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडीसारखाच दगड बनतो. म्हणजे भट्टीत जे गमावले तेच तो हवेतून परत मिळवितो. पण यातच त्याचे वैगुण्यही आहे. जेथे हवा पोचत नाही, तेथे तो घट्ट होत नाही. जाड भिंतीच्या पोटात वर्षानुवर्षे तो मऊ राहतो, आणि पाण्याखाली तर विरघळून वाहून जातो. असा नुसता चुना धरणाला काय कामाचा?

यावर तोड प्राचीन काळीच निघाली होती. इटलीत व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या परिसरात सापडणारी राख चुन्यात मिसळली तर तो चुना समुद्राच्या पाण्यातही दगडासारखा घट्ट होतो, हे रोमन लोकांना ठाऊक होते, आणि त्यांनी बांधलेले कित्येक धक्के व घुमट दोन हजार वर्षांनंतर आजही उभे आहेत. आपल्या देशात अशी राख सर्वत्र मिळत नाही. पण आपल्या कारागिरांना तिच्या गुणाची दुसरी वस्तू सापडली होती. भाजलेली वीट कुटून, दळून, चाळून जी तांबडी पूड निघते ती चुन्यात घातली तर तोच गुण येतो. या पुडीला सुरखी म्हणतात. जुन्या हौदांच्या आणि हमामखान्यांच्या आतल्या गिलाव्याला जी तांबूस छटा दिसते ती सुरखीचीच होय.

सुरखीत असे काय असते? वीट मातीची, आणि मातीत सिलिका व ॲल्युमिना ही द्रव्ये असतात. कच्च्या मातीत ती निपचित असतात. माती योग्य आचेवर भाजली की ती चुन्याशी संयोग पावण्यास उत्सुक होतात. मग पाण्याच्या सान्निध्यात चुना आणि ही द्रव्ये मिळून एक नवेच संयुग बनते. ते पाण्यात विरघळत नाही आणि घट्ट होण्यासाठी त्याला हवेची गरज नसते. वीट कमी भाजली तर ही द्रव्ये जागी होत नाहीत, आणि अति भाजून काच झाली तर ती पुन्हा निकामी होतात. म्हणून सुरखीसाठी विटा भाजणे हे विटा विकण्यासाठी भाजण्यापेक्षा अधिक जपून करावयाचे काम आहे.

सिमेंटातही पाण्याचेच हे काम वेगळ्या वाटेने होते. इंग्लंडमध्ये जॉन स्मीटन नावाच्या इंजिनिअरला १७५६ साली समुद्रातील एका खडकावर दीपगृह बांधावयाचे होते. पाण्याखाली घट्ट होणारा चुना कोणता, याचा शोध करताना त्याच्या ध्यानात आले की ज्या चुनखडीत मातीचा अंश असतो तिचाच चुना पाण्यात टिकतो. त्यापूर्वी अशी चुनखडी हलकी समजली जाई! पुढे १८२४ साली लीड्स शहरातील जोसेफ ॲस्प्डिन या गवंड्याने चुनखडी आणि माती मुद्दाम एकत्र भाजून व दळून केलेल्या पुडीचे एकस्व घेतले. घट्ट झाल्यावर ती पोर्टलंड बेटावरील प्रसिद्ध दगडासारखी दिसते म्हणून त्याने तिला पोर्टलंड सिमेंट हे नाव दिले. हल्लीच्या कारखान्यांत हेच मिश्रण फिरत्या भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. त्या आचेत चुना आणि सिलिका यांचा संयोग भट्टीतच होतो आणि काळसर गोट्या तयार होतात. त्यांना क्लिंकर म्हणतात. त्यात थोडा जिप्सम घालून पीठ दळले की सिमेंट झाले. जिप्सम घातला नाही तर पाणी लागताच सिमेंट घमेल्यातच आवळून बसेल आणि गवंड्याला थापी फिरविण्याइतकीही उसंत मिळणार नाही.

सिमेंट वाळून घट्ट होते, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. नव्या स्लॅबवर पाण्याची आळी का करतात आणि खांबांना ओले गोणपाट का गुंडाळतात, याचे कारण हेच. पहिले काही दिवस पाणी मिळाले नाही तर तो खांब वरून घट्ट दिसला तरी आतून दुबळा राहतो. या संयोगाच्या वेळी उष्णताही बाहेर पडते. घराच्या भिंतीत ती सहज निघून जाते; परंतु धरणाच्या अगडबंब भिंतीत ती कोंडून राहते, आणि पुढे भिंत निवताना तिला तडे जाण्याचा संभव असतो. सुरखीचा चुना फार सावकाश घट्ट होतो, म्हणून तो तापतही कमी. त्याचा जो दोष, तोच धरणाच्या कामी काही अंशी गुण ठरला.

सुरखीचे धरण बांधणारे विश्वेश्वरय्या काही पहिले नव्हेत. दक्षिणेत पेरियार नदीवर १८९५ साली पुरे झालेले धरण चुना-सुरखीच्याच जोरावर उभे होते. आपल्याकडे प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण १९१० ते १९२६ या काळात बांधले गेले, तेही दगड-चुन्याचेच. परंतु कन्नंबाडीची योजना फारच मोठी होती. परदेशी सिमेंट घ्यावे तर संस्थानाचा पैसा जहाजे भरभरून बाहेर जाणार, आणि सुरखी वापरावी तर काम संथ चालणार. विश्वेश्वरय्यांनी सुरखी पत्करली. चुनखडी, माती, सरपण आणि माणसांचे हात, हे सारे संस्थानात होते. विटांच्या आणि चुन्याच्या भट्ट्या पेटल्या, घाणी फिरू लागल्या, आणि एकेका वेळी सुमारे दहा हजार मजूर कामावर राबू लागले. नदीकाठी हिवतापाचा जोर असे. मजुरांच्या औषधपाण्याची सोय करावी लागली. ही माणसे कोण, कोठली, त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. धरण मात्र त्यांनीच बांधले.

खरी कसोटी पावसाळ्याची असे. उन्हाळ्यात जेवढी भिंत चढेल तेवढी चढवावयाची आणि आषाढात कावेरी भरून आली की अर्ध्यामुर्ध्या भिंतीवरून तिला वाट द्यावयाची. सुरखीचा चुना पुरता घट्ट व्हावयास महिने लागतात. नदी काही तोवर थांबत नाही. प्रत्येक वर्षी केलेले काम पुराच्या हवाली करताना बांधणाऱ्यांच्या जिवाची काय घालमेल होत असेल, याची कल्पना करावी. १९२४ च्या जुलैत तर कावेरीला असा पूर आला की तसा लोकांच्या आठवणीत नव्हता. खालच्या प्रदेशात मोठी हानी झाली. अपुरी असलेली ही भिंत मात्र जागची हलली नाही.

तोपर्यंत विश्वेश्वरय्या त्या कामावर राहिले नव्हते. १९१२ साली महाराजांनी त्यांना दिवाण नेमले. सहा वर्षांच्या दिवाणगिरीत त्यांनी म्हैसूर बँक काढली, १९१६ साली विद्यापीठ स्थापिले, दुसऱ्याच वर्षी बंगलोरला इंजिनिअरिंग कॉलेज सुरू केले आणि अनेक नव्या शाळा उघडल्या. १९१८ साली त्यांनी दिवाणपद सोडले. १९२३ साली भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना तोट्यात रुतला असता तो सावरण्यासाठी त्यांना पुन्हा पाचारण करण्यात आले, आणि पुढे १९३८ च्या सुमारास त्याच कारखान्यात सिमेंटही तयार होऊ लागले. कामाच्या बाबतीत ते फार कडक होते. त्यांची टापटीप, वक्तशीरपणा आणि हिशेबीपणा यांचा त्यांच्या हाताखालच्या माणसांना धाकच वाटे, आणि काहींना तो जाचकही वाटला असेल.

कामाला आरंभ झाल्यापासून सुमारे वीस वर्षांनी धरण पुरे झाले. महाराजांच्या नावावरून त्याला कृष्णराजसागर म्हणू लागले. धरणाच्या सांडव्यावर खडकवासल्याला वापरलेल्या तत्त्वाची स्वयंचलित दारेही बसविली होती. कालव्याचे पाणी मंड्याच्या माळांवर पोचले, ज्वारी-नाचणीच्या जागी ऊस आणि भात उभा राहिला, आणि १९३३ साली मंड्याला साखर कारखाना निघाला. आज तो कालवा विश्वेश्वरय्यांच्याच नावाने ओळखला जातो. ज्या कन्नंबाडी गावाने धरणाला जागा दिली ते गाव आणि आजूबाजूची खेडी मात्र पाण्याखाली गेली. तेथील जुने वेणुगोपाळाचे देऊळ उन्हाळ्यात पाणी फार आटले म्हणजे वर डोके काढी, आणि बुडालेल्या गावांतील लोक ते पाहावयास येत.

देशात सिमेंटही एव्हाना स्थिरपद झाले होते. मद्रासेत १९०४ साली झालेला प्रयत्न फसला होता. परंतु १९१४ साली काठेवाडात पोरबंदर येथे कारखाना चालू झाला आणि पाहता पाहता इतरत्रही निघाले. १९३६ साली त्यांतील बरेचसे एकत्र येऊन मुंबईत एक मोठी कंपनी बनली. तिची संशोधनशाळा १९६० नंतरच्या दशकात ठाण्यास उभी राहिली. आता कामाप्रमाणे सिमेंटाचे प्रकार झाले आहेत. रस्ता किंवा पूल लवकर खुला करावयाचा असेल तर शीघ्र घट्ट होणारे, समुद्राकाठी किंवा खारट जमिनीत क्षारांना दाद न देणारे, धरणासाठी कमी तापणारे, आणि फरशीसाठी पांढरे. लोखंडाच्या भट्टीतील मळी दळून घातलेलेही एक असते. आणखी एका प्रकारात औष्णिक वीजकेंद्रांतील कोळशाची राख मिसळतात. नाशिकजवळच्या एकलहऱ्यासारख्या केंद्रांतून ही राख ढिगांनी निघते. तिच्यातही सिलिका आणि ॲल्युमिना असतात, आणि सिमेंट घट्ट होताना जो चुना मोकळा होतो त्याला ती पकडून ठेवते. सुरखी जे करीत होती तेच ही राख करते.

१९५५ साली भारत सरकारने विश्वेश्वरय्यांना भारतरत्न ही पदवी दिली. तेव्हा ते नव्वदी ओलांडून गेले होते, तरी नेटका पोशाख, ताठ बांधा आणि ठरल्या वेळी फिरावयास जाणे यांत खंड पडला नव्हता. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळ पानशेतचे नवे मातीचे धरण सकाळी फुटले आणि त्याचे सारे पाणी खडकवासल्याच्या जुन्या भिंतीवर येऊन आदळले. भिंतीवरून पाणी वाहू लागले. अशा ओझ्यासाठी ती कधी बांधलीच नव्हती. तरी काही तास ती टिकली, आणि नदीकाठच्या पुष्कळ पुणेकरांना दिवसाउजेडी घरे सोडावयास अवधी मिळाला. दुपारी ती कोसळली. धरण पुन्हा बांधले गेले, पण साठ वर्षांपूर्वी विश्वेश्वरय्यांनी बसविलेली दारे त्या दिवशी गेली ती गेलीच.

त्यानंतर वर्षही पुरे झाले नाही तोच, एप्रिल १९६२ मध्ये, बंगलोर येथे विश्वेश्वरय्या वारले. शंभर वर्षे पुरी करून ते एकशेएकाव्या वर्षात होते. त्यांचा देह मुद्देनहळ्ळीला नेऊन, ज्या घरात ते जन्मले त्याच्यापासून जवळच त्याला अग्नी देण्यात आला. तेथे आता त्यांचे स्मारक आहे.